वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रिया पार पडली, मग ही धास्ती कशाची?

प्रश्न : मी २७ वर्षांचा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) पुरुष, म्हणजे जन्मताना मुलगी म्हणून नोंद झालेला, असून पुण्यात नोकरी करतो. स्तन काढून छाती सपाट करण्याच्या माझ्या शस्त्रक्रियेला दुसरा आठवडा चालू आहे. ज्या दिवसाची कित्येक वर्षे वाट पाहिली तो येऊन गेला, पण आनंद होण्याऐवजी मला रात्री दचकून जाग येते, धडधडते आणि हातपाय गार पडतात. पट्टी बदलताना स्तनाग्राच्या जागी काळी खपली दिसली, तेव्हापासून ‘आपण हे काय करून बसलो’ हा विचार डोक्यातून जात नाही. आरशात किती वेळा पाहतो आणि किती फोटो काढतो, याला गणती नाही. आई कराडहून सोबतीला आली आहे. तिने कसाबसा होकार दिला होता, त्यामुळे तिच्यासमोर रडायचीही सोय नाही. मला पश्चात्ताप होतो आहे का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवतो आणि आधी शरीराकडे वळतो, कारण शस्त्रक्रियेनंतरची प्रत्येक धडधड ‘टेन्शन’च्या खात्यात टाकून मोकळे होणे धोक्याचे असते. अचानक दम लागणे, खोल श्वास घेताना छातीत कळ येणे, चक्कर येऊन पडणे किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे ही रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हा निरोप पाठवून उत्तराची वाट न पाहता, रात्र असो वा दिवस, थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. छातीची एकच बाजू काही तासांत फुगून कडक आणि निळसर झाली, ताप आला, लाली पसरत गेली किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावे. यांपैकी काही नसेल, तर पुढचे शांतपणे वाचा.

तुमच्या घाबरण्याला शरीरानेच पुरवलेली बरीच कारणे आहेत. मोठी भूल, उताणे आणि अर्धवट बसते झोपावे लागल्याने तुकड्यातुकड्यांत होणारी झोप, बद्धकोष्ठता, कमी झालेले जेवण आणि दिवसभराचे पडून राहणे एवढे एकत्र आले, तर ज्याला कधीही चिंतेचा त्रास झाला नाही असा माणूसही बेचैन होतो. त्यात छातीवरचा घट्ट पट्टा श्वास उथळ करतो, आणि उथळ श्वास मेंदूला संकटाची सूचना वाटतो. पट्टा स्वतःहून काढू नका, पण श्वास पुरेसा भरत नसेल तर तो किती सैल करता येईल हे सर्जनला विचारा. औषधांचेही पाहायला हवे. वेदनेसाठी दिलेले ट्रॅमाडॉल बंद होताना काहींना अस्वस्थता येते, तर उलटी थांबवण्यासाठीच्या मेटोक्लोप्रामाइडने एके जागी बसवत नाही अशी तगमग होऊ शकते. नैराश्याची किंवा चिंतेची गोळी तुम्ही आधीपासून घेत असाल आणि ऑपरेशनच्या गडबडीत ती सुटली असेल, तर ते आजच डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण अशी गोळी एकदम बंद झाल्यानेही चक्कर, धडधड आणि रडू येते.

आता त्या काळ्या खपलीविषयी. ज्या पद्धतीत स्तनाग्र पूर्ण सोडवून, आकाराने लहान करून नव्या जागी कलम म्हणून बसवतात, त्या पद्धतीत पहिले काही दिवस त्या त्वचेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जागेतून पाझरणाऱ्या द्रवावर ती तग धरते आणि मग हळूहळू खालून नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. या काळात वरचा थर वाळून काळपट होतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत सुटू लागतो. खाली गुलाबी, ओलसर दिसणारी त्वचा असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे भयंकर वाटते, आणि ऑपरेशनपूर्वी कोणी त्याचा फोटो दाखवला नसेल तर ती सांगणाऱ्यांची कसूर आहे. खपली नखाने उचकटू नका. दुर्गंधी येत असेल, काळा भाग ओला होऊन पसरत असेल तर मात्र दाखवा. कधीकधी कलमाचा काही भाग खरोखरच टिकत नाही, हेही सांगायला हवे. तसे झाल्यास जखम भरू देऊन पुढे रंग गोंदवून घेण्यासारखे उपाय असतात. दोन्ही बाजूंची सूज सारखी नसणे, त्वचा बधिर असणे, मध्येच मुंग्या येणे किंवा विजेसारखी चमक येणे हे या टप्प्यावर अपेक्षित आहे. व्रण काही महिने लाल आणि उंच राहतो, तो फिका पडायला वर्ष किंवा अधिक लागते. बांधकाम चालू असलेल्या घरात उभे राहून घर कसे झाले हे ठरवता येत नाही, तसे तुमचे आज आरशासमोर होत आहे.

म्हणून तपासणीला शिस्त लावा. सकाळी पट्टी बदलताना, एकाच जागी, दिवसाच्या उजेडात एक फोटो काढा आणि उरलेल्या दिवसाचे प्रश्न वहीत लिहून ठेवा. वारंवार पाहण्याने दहा मिनिटे बरे वाटते आणि मग पुन्हा पाहावेसे वाटते, चिंता अशीच वाढते. इन्स्टाग्रामवरच्या सहा महिन्यांनंतरच्या छात्यांशी आपल्या दुसऱ्या आठवड्याच्या छातीची तुलना करणे तर सरळ अन्याय आहे.

पश्चात्तापाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : दुसऱ्या आठवड्यात, अपुऱ्या झोपेवर आणि वेदनाशामकांच्या अमलाखाली, रात्री तीन वाजता हा प्रश्न विचारूच नये. तरी तो आलाच, तर विचाराचे नेमके शब्द पाहा. ‘मला ती जुनी छाती परत हवी’ असे मन म्हणते आहे, की ‘काहीतरी बिघडेल, लोक काय म्हणतील, आई दुखावेल’ असे म्हणते आहे? तुमच्या पत्रात मला या दोहोंपैकी दुसरे वाक्य ऐकू येते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २७ अभ्यासांतील जवळपास आठ हजार व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हा अशा शस्त्रक्रियांनंतर पश्चात्ताप झालेल्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का निघाले. सगळ्या अभ्यासांत पाठपुरावा सारखा लांब नव्हता, त्यामुळे या आकड्याला मी ब्रह्मवाक्य मानत नाही, पण सुरुवातीच्या आठवड्यांतली घालमेल आणि टिकून राहणारा पश्चात्ताप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय इथवर येण्यासाठी तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाला, सर्जनला आणि आईलाही आपली खात्री पटवून द्यावी लागली असणार. इतकी वर्षे शंकेला जागाच दिली नव्हती. आता पटवून देण्यासारखे कोणी उरले नाही, म्हणून दाबलेली भीती वर आली आहे. ती आली म्हणून निर्णय खोटा ठरत नाही.

रात्री जाग आल्यावर उठून पलंगाच्या कडेला बसा, पाय जमिनीला टेकवा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्या. मित्राकडची झोपेची किंवा चिंतेवरच्या अल्प्राझोलामची गोळी मागून घेऊ नका. ट्रॅमाडॉलसोबत ती श्वास मंदावू शकते. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. दोन-तीन आठवड्यांनी त्रास ओसरला नाही, किंवा जेवणझोप पार उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्या. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र एक रात्रही थांबू नका, एकटे राहू नका आणि लगेच आईला उठवा. आणि कोणी तज्ज्ञ ‘तुम्हाला पुन्हा पहिल्यासारखे करू’ म्हणाला, तर तिथून निघा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच माणसाची लिंगओळख बदलू पाहणारे असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

राहता राहिली आई. ती कराडहून आली, म्हणजे तिच्या मनातला होकार तुम्ही समजता त्याहून मोठा असावा. तिला म्हणा, “आई, बरोबर केलं की चूक यावर आज बोलायचं नाही. मला नुसती भीती वाटतेय, जवळ बस.” जखमेत साचणारा द्रव बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या अजून असतील तर बाटलीतला द्रव मोजून मिलिलिटर आणि रंग वहीत टिपण्याचे काम तिच्याकडे द्या. लालवरून गुलाबी, गुलाबीवरून पिवळसर होत जाणारा रंग तिने स्वतः पाहिला, की तिचीही धास्ती कमी होईल.

प्रश्न : माझी धाकटी बहीण पारलिंगी स्त्री आहे. योनिरचनेच्या शस्त्रक्रियेनंतर ती घरी आली, पण डायलेटर (नवा योनीमार्ग आकसू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत दांडी) वापरायची वेळ झाली की थरथरते, रडते आणि टाळते. तिच्यावर सक्ती करावी का?

उत्तर : सक्ती नको, पण टाळाटाळही चालणार नाही, कारण पहिल्या महिन्यांत डायलेटर नियमित न वापरल्यास मार्ग आकसतो. भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे दुखते, आणि दुखले की भीती वाढते. सर्जनने परवानगी दिलेले वेदनाशामक अर्धा तास आधी द्यावे, पाण्यात मिसळणारे वंगण भरपूर वापरावे, सर्वांत लहान आकारापासून सुरुवात करावी आणि दाराबाहेर तुम्ही आहात एवढे तिला माहीत असावे. शस्त्रक्रियेसाठी तिचे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक थांबवले होते का, हे विचारा. ते थांबल्यानेही मन खचते. पुन्हा कधी सुरू करायचे हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. किंचित रक्त लागले तर घाबरू नका, पण रक्त वाहू लागले, लघवी अडली किंवा योनीमार्गातून मल येऊ लागला तर तत्काळ रुग्णालयात न्या. आणि सलग दोन दिवस एकदाही डायलेटर वापरणे झाले नाही, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत न थांबता सर्जनच्या दवाखान्यात फोन करून लवकरची वेळ मागून घ्या.