समासातलं अक्षर

ताई, नमस्कार.

मी पन्नाशीला टेकलो आहे. नाशिकला एका बँकेत अधिकारी आहे. गेल्या एक जानेवारीला ठरवलं, मोबाइल बाजूला ठेवायचा आणि वर्षभर नेमाने वाचायचं. पहाटे पाच ते साडेसहा, एक दिवस चुकवला नाही. आज हिशेब मांडला तर 46 पुस्तकं झाली. 29 व्यक्तिमत्त्व विकासाची, 14 आत्मचरित्रं, तीन किरकोळ. प्रत्येकाची वहीत नोंद आहे. मजकूर ज्याला लागू पडतो त्या माणसाचं आद्याक्षर समासात लिहायची सवय लावून घेतली आहे, म्हणजे नंतर सांगायला सोपं जातं. किती मन लावून वाचतो ते कळावं म्हणून तीन पानांचे फोटो जोडतो आहे.

पण ताई, एवढं वाचून घरात काडीचा फरक नाही. बायकोला चांगलं काही सांगायला जावं तर तिला ते टोचतं. दिवाळीनंतर एका रात्री जेवताना मी तिला राग आवरण्यावरचा उतारा वाचून दाखवला, तर ती भरलं ताट उचलून आत निघून गेली. मुलगा बारावीला आहे, तो 'हो', 'नाही' यापलीकडे बोलत नाही. थोरल्या भावाशी वाटणीवरून अबोला आहे, तो तसाच. ऑफिसात साहेब तसेच. मी मात्र पुष्कळ शांत झालो आहे. मग चुकतंय कुठे? नव्या वर्षाची यादी करतो आहे. घरच्यांमध्येही बदल घडेल अशी दहा पुस्तकं सुचवाल का?

– एक वाचक, नाशिक

*

दहा पुस्तकं सुचवणार नाही. एकही सुचवणार नाही.

तुमचं पत्र मी एकदा वाचलं आणि फोटो चार वेळा पाहिले. तुम्ही ते सहज जोडलेत, तुमच्या मेहनतीचा पुरावा म्हणून. पुरावा आहेच तो. मोठे करून बघितल्यावर पेन्सिलीची अक्षरं स्वच्छ दिसतात. टोक केलेली पेन्सिल, बँकेतल्या माणसाचं नीटनेटकं वळण. तीन पानांवर मिळून अकरा अक्षरं आहेत. 'स' सहा वेळा. 'अ' दोनदा, तो मुलगा असावा. 'दा' एकदा, म्हणजे दादा. 'सा' दोनदा, म्हणजे साहेब. पत्राखाली तुम्ही नाव लिहिलं आहे, ते मी इथे छापत नाही, पण त्यामुळे तुमचं आद्याक्षर मला ठाऊक आहे. ते या तिन्ही पानांवर कुठेही नाही.

तुम्ही विचारता, एवढं वाचून फरक का पडला नाही. अहो, तुम्ही वाचलंच कुठे? पहाटे पाचला उठून तुम्ही दुसऱ्यांसाठी औषधं आणत होतात. रोज दीड तास, वर्षभर. घरी रोगी चार, आणि औषध आणणारा तेवढा ठणठणीत.

मला हे इतक्या लवकर कसं दिसलं तेही सांगते. माझी मुलगी पंधरा वर्षांची असताना मी मुलं वाढवण्यावरचं एक पुस्तक वाचत होते आणि 'उलट उत्तरं' या भागाशेजारी तिचं नाव लिहून ठेवलं होतं. महिन्याभराने पुस्तक पुन्हा उघडलं तर त्या नावाखाली निळ्या शाईने दोन शब्द होते : 'आणि तू?' ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. त्या दोन शब्दांचं उत्तर द्यायला मला फार वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत, म्हणून आज जरा कडक बोलते आहे.

पहिला फोटो डेल कार्नेगींच्या पुस्तकाचा. 1936 पासून जगभर खपतंय ते. माणसांशी वागायचा त्यातला अगदी पहिला नियम म्हणजे टीका करू नका, दोष देऊ नका, तक्रार करू नका. त्या नियमाशेजारी तुम्ही काय लिहिलंत? 'सा' आणि 'स'. म्हणजे साहेबांनी आणि बायकोने तुमच्यावर टीका करू नये! लेखकाने नियम दिला हातात घ्यायला, तुम्ही तो समोरच्याच्या कपाळावर चिकटवलात.

दुसरं पान रमाबाई रानड्यांच्या आठवणींचं. सासरच्या बायकांचा जाच सोसून रमाबाई शिकत राहिल्या, तिथे तुमचा 'स' आहे, शेजारी 'जिद्द' असा शब्द. घ्या, जिद्द शिकावी ती बायकोने. पण याच पुस्तकात, 1910 साली, रमाबाईंनी न्यायमूर्तींच्या दुसऱ्या लग्नाचीही हकिगत सांगितली आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा एवढा मोठा माणूस, आणि 1873 साली पहिली बायको वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी, म्हणजे याच रमाबाईंशी, लग्न लावून मोकळा झाला. बाहेर बोलतो ते घरात करता येत नाही, याची ही आपल्याकडची केवढी मोठी साक्ष! ते पान तुम्ही नक्कीच वाचलं असणार. तिथे कुणाचं अक्षर घातलंत, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

आता तिसरा फोटो. हा बघून मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि मग परत बसले.

'सत्याचे प्रयोग'. डर्बनच्या घराचा प्रसंग, 1898 च्या सुमाराचा. घरातल्या खोल्यांना मोरी नव्हती, म्हणून लघवीची भांडी ठेवलेली असत, आणि ती उचलायचं काम गांधी आणि कस्तुरबा करत. बाकीच्यांची भांडी बांनी उचलली. पण पंचम, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या समाजात जन्मलेला एक ख्रिस्ती कारकून नव्याने राहायला आला होता, त्याचं भांडं उचलणं त्यांच्या जिवावर आलं. तरी त्या ते घेऊन जिना उतरत होत्या. डोळे लाल, गालांवरून पाणी ओघळतंय. नवऱ्याचं एवढ्याने समाधान होईना. त्याला ते भांडं तिने हसतमुखाने न्यायला हवं होतं. तो ओरडला, हे माझ्या घरात चालणार नाही. बा म्हणाल्या, मग ठेवा तुमचं घर तुमच्यापाशी, मी चालले. त्याने त्यांचा हात धरला, दारापर्यंत ओढत नेलं आणि दार उघडायला घेतलं. तेव्हा बा रडत म्हणाल्या, तुम्हाला लाज नाही का? मी जाऊ कुठे? इथे माझं ना आईबाप, ना कुणी नातलग. दार लावा, लोक बघतील.

या पानाच्या समासात तुम्ही लिहिलं आहे : 'स – कामात कमीपणा मानू नये.'

काय म्हणू मी तुम्हाला?

बा त्या दिवशी बरोबर होत्या की चूक, यावर वाद घालता येईल. त्या माणसाच्या जातीमुळे त्यांचा हात अडला, ते चूकच होतं. पण गांधींनी हे प्रकरण बांना शिकवण्यासाठी लिहिलेलं नाही. 1925 पासून 'नवजीवन'मध्ये ही आत्मकथा क्रमशः येऊ लागली. म्हणजे त्या प्रसंगाला जवळपास तीस वर्षं झाली होती. त्यांनी तो कुणाला कळू दिला नसता तर चाललं असतं. पण देशभर वाचली जाणारी आत्मकथा लिहिताना त्यांनी स्वतःचा तो हात, तो ओरडा, ते उघडायला घेतलेलं दार, सगळं जसंच्या तसं मांडलं. प्रकरणाला नाव दिलं प्रायश्चित्ताचं. आपण बायकोचे शिक्षक समजून तिला छळत होतो, हे त्यांनी त्यात स्वच्छ कबूल केलं आहे. त्या पानावर लेखकानेच आपलं नाव घातलेलं आहे. तुम्ही ते खोडून तिथे तुमच्या बायकोचं लिहिलंत.

आणि ते पान मराठीत कुणी आणलं, माहीत आहे? सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, आपले कोकणचे अप्पासाहेब. 1932 साली हा माणूस रत्नागिरीच्या तुरुंगात होता. संडास साफ करायचं काम तिथे जात बघून दिलं जाई, वरच्या जातीच्या कैद्याला ते मिळत नसे. ते काम मला द्या, म्हणून अप्पासाहेबांनी हट्ट धरला आणि अन्न कमी केलं. तिकडे येरवड्यात गांधीही त्यांच्यासाठी उपवासाला बसले. भांडं कुणी उचलायचं, या मजकुराशेजारी अप्पासाहेबांनी कुणाचं अक्षर घातलं असेल ते तुम्हीच बघा.

ही खोड तुमच्या एकट्याची नाही, हे मला मान्य आहे. आपल्याकडे ती जुनी आहे. मूर्खलक्षणं वाचायला लागलं की एकेक ओवीला शेजारचा, मेहुणा, व्याही आठवतो. तरी समर्थांनी आपल्याला ओळखलं होतं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाचा, आणि त्याच दशकाचा शेवटचा, दहावा समास पढतमूर्खाचा. भरपूर वाचलेल्या माणसासाठी त्यांनी वेगळी जागा राखून ठेवली. 46 पुस्तकांनंतर तो एक समास तुम्ही वाचा असं म्हणणार होते, पण नको. तुम्ही तिथे 'दा' लिहाल.

तुमच्या सौभाग्यवतींबद्दल मी काही बोलणार नाही. त्या रागीट असतील, नसतील. त्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलं आहे. भावाच्या वाटणीत कोण खरं, कोण खोटं, त्यातही मी पडत नाही.

मला फक्त ते ताट हवं आहे.

'ती भरलं ताट उचलून आत निघून गेली.' एवढं एकच वाक्य लिहून तुम्ही लगेच मुलाकडे वळलात. अहो, मधलं सगळं कुठे गेलं? त्या रात्री त्यांना राग कशाचा आला होता? राग आवरण्याचा उतारा कुणी उगाच काढत नाही, आधी काहीतरी झालेलं असतं. पुस्तक जेवायच्या टेबलावर आलं कसं? आधीच खूण घालून ठेवली होतीत का? ताटात काय होतं? त्यांचा पहिला घास झाला होता की नव्हता? त्या आत गेल्यावर तुम्ही काय केलंत? उठलात, की तुमची पोळी संपवलीत? त्या नंतर ओट्याशी उभ्यानेच जेवल्या का? ते अन्न तसंच झाकून ठेवलेलं सकाळी दिसलं का? मुलगा तेव्हा कुठे होता? चौदा आत्मचरित्रं वाचलेल्या माणसाला एवढं तरी सांगता यायला हवं. चांगल्या आत्मचरित्रात दुसरं असतं काय? ताट, जिना, दार, आणि तेव्हा आपण कसे वागलो ते.

तेव्हा तुमचं काम एवढंच. नव्या वर्षाची यादी फाडा. एक तारखेला पहाटे पाचला उठा, नेम मोडू नका, पण पुस्तक उघडू नका. कोरा कागद घ्या आणि त्या रात्रीचं एक पान लिहा. फक्त त्या रात्रीचं. त्यात तुम्ही काय केलंत आणि काय बोललात तेवढंच येऊ द्या. त्या काय बोलल्या तेही लिहा, पण त्यांच्या शब्दांत, तुमचा शेरा न जोडता. 'पण', 'खरं तर', 'माझा हेतू' हे शब्द आले की तो कागद बाजूला टाका आणि नवा घ्या. पहिल्या दिवशी जमणार नाही. ताटात कुठली भाजी होती तेच आठवणार नाही, आणि ते आठवत नाही हे बघून तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या. 'आठवत नाही' असं लिहा. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा लिहा. आठवडा लागला तरी चालेल. गांधींनी तीस वर्षं घेतली. तुमचा मुलगा जूनमध्ये कुठेतरी बाहेर शिकायला जाईल, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

तुम्ही शांत झाला आहात असं म्हणता, ते मी खोटं म्हणत नाही. पहाटेची ती शांतता खरी असेल. वर्षभर पाचला उठणारा माणूस ढिला नसतो, आणि मनात काही नसतं तर तुम्ही हे पत्रही लिहिलं नसतंत. म्हणूनच मी एवढी जीव तोडून लिहिते आहे.

पान लिहून झालं की मला पाठवू नका. त्यांना वाचून तर मुळीच दाखवू नका, त्या घरात उतारे पुष्कळ वाचून झाले आहेत. खणात ठेवा, कुलूप लावू नका. कधी त्यांच्या हाती लागलं आणि त्यांनी विचारलं, हे काय, तर 'तुझ्यासाठी नाही, माझं आहे' एवढंच सांगा आणि वाचू द्या. त्या वाचत असताना तुमची ती टोक केलेली पेन्सिल त्यांच्या हाताशी राहू द्या.