शिकागोचं १४ आणि नाशिकचं १४

नवऱ्याची बदली, जानेवारीत नाशिकहून थेट शिकागो, बरोबर दीड वर्षांची मुलगी. हवामानाच्या अ‍ॅपवर शिकागोचं तापमान रोज १४-१५ दिसतंय, म्हणून तुम्ही विचारलंय की थंडी एवढी काही नाही ना, आणि फॅरनहाइट-सेल्सिअसचा तक्ता छापून आणू का. दोन्हींची उत्तरं आधी देते. ते १४ फॅरनहाइटमधलं आहे, म्हणजे उणे १० सेल्सिअस. नाशिकला १४ म्हणजे स्वेटर घालून चहा प्यायची सकाळ. इथल्या १४ मध्ये मुलीचे हातमोजे पार्किंगमध्येही काढू नका. आणि तक्ता आणू नका. तक्ता हाताशी असला की माणूस दर वेळी त्यातच बघतो आणि आकडा अंगात कधी मुरत नाही.

मी विदर्भातली, त्यामुळे ४५ म्हणजे काय ते मला कुणी सांगावं लागत नाही. इथे तसंच व्हायला हवं: आकडा ऐकला की कोणता कोट, हे कळलं पाहिजे. त्यासाठी पाच-सहा खुणा पुरतात. ३२ ला पाणी गोठतं. ५० म्हणजे १०, तुमच्याकडची डिसेंबरातली पहाट. ६८ म्हणजे बरोबर २०, घरात बरं वाटतं ते. ८६ म्हणजे ३०. १०४ म्हणजे ४०, पण ते इथे सहसा बघायला मिळत नाही. खाली उतरलात की १४ म्हणजे उणे १०, शून्य म्हणजे उणे १८ आणि उणे ४० म्हणजे उणे ४०च. दोन्ही मापं तिथे एकत्र येतात आणि भाषांतराची गरज संपते. शहराचा नीचांक २० जानेवारी १९८५ चा आहे, उणे २७ फॅरनहाइट, म्हणजे जवळपास उणे ३३. जानेवारी २०१९ मध्येही पारा उणे २३ फॅरनहाइटला पोचला होता. हे घाबरवायला सांगत नाहीये. असे दिवस थोडेच असतात आणि तेव्हा बऱ्याच शाळाही बंद ठेवतात.

मधले आकडे लागले तर तोंडी हिशेब सोपा आहे. सेल्सिअसची दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग काढा, ३२ मिळवा. २८ ची दुप्पट ५६, वजा ५.६, राहिले ५०.४, अधिक ३२, झाले ८२.४. हा अंदाज नाही, अचूक उत्तर आहे, कारण सूत्रातला ९/५ म्हणजे १.८, आणि दोनातून दहावा भाग काढला की १.८च उरतो. उलट जाताना ३२ वजा करा, निम्मं करा, दहावा भाग मिळवा. हे मात्र किंचित कमी भरतं. २८ चे ८२ आणि १६ चे ६१, या उलटसुलट जोड्या आयत्या मिळतात, त्या लक्षात ठेवा.

आता जिथे शिकलेली माणसंही चुकतात ती जागा. तापमान आणि तापमानातला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत म्हणतात, "उद्या २० अंशांनी वाढेल." फोनवर २० फॅरनहाइटचं रूपांतर केलंत तर उणे ६.७ येईल, आणि वाढेल म्हणतात ते उणे कसं, असं वाटेल. फरकाला ते ३२ लागतच नाहीत, फक्त १.८ ने भागायचं. २० अंशांची वाढ म्हणजे ११ सेल्सिअसची वाढ. हवामानबदलाच्या बातमीत १.५ सेल्सिअसच्या जागी इथे २.७ फॅरनहाइट छापतात, तेही असंच. घरातल्या थर्मोस्टॅटलाही हेच लागू. ७२ वरून ७० केलं म्हणजे जेमतेम एक सेल्सिअस उतरलं, त्यावरून नवऱ्याशी भांडण नको. हिवाळ्यात घरात माणसं जागी असताना ६८ च्या आसपास ठेवा, असं सरकारच्या ऊर्जा खात्याचंही म्हणणं आहे. भाड्याच्या घरात हीटर मालकाच्या ताब्यात असेल तर माहीत असू द्या: शिकागो शहराच्या नियमाप्रमाणे १५ सप्टेंबर ते १ जून दिवसा किमान ६८ आणि रात्री ६६ द्यावंच लागतं. उपनगरात घर घेणार असाल तर तिथला नियम वेगळा असू शकतो, करारावर सही करायच्या आधी विचारून घ्या.

अ‍ॅपवर "फील्स लाइक" म्हणून दुसरा आकडा असतो, हिवाळ्यात तो वाऱ्यामुळे येतो. शून्य फॅरनहाइट आणि ताशी १५ मैलांचा वारा असेल तर अंगाला उणे १९ लागतं, म्हणजे उणे २८ सेल्सिअस. अशा वेळी उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. कपडे या दुसऱ्या आकड्यावरून ठरवा. गाडी आणि नळाचे पाइप यांना मात्र पहिलाच आकडा लागू, कारण वारा वस्तू लवकर थंड करतो, हवेपेक्षा जास्त थंड करू शकत नाही. हिवाळ्यात बाहेरगावी जाताना हीटर पूर्ण बंद करू नका, ५५ वर ठेवा. पाइप फुटला तर खर्च हीटरच्या बिलाच्या कित्येक पट होतो.

मुलीच्या तापाची काळजी तुम्ही उगाच करताय, कारण तापाचं फॅरनहाइट तुम्हाला आधीच येतं. आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये. "१०२ ताप आहे" म्हटलं की आजीला काय करायचं ते कळतं, सेल्सिअसमध्ये सांगितलं तर तीच बावचळेल. नाशिकचा थर्मामीटर खुशाल आणा. इथे ताप १००.४ पासून धरतात, तो आकडा विचित्र वाटतो कारण तो मुळात ३८ सेल्सिअस आहे. ९८.६ चंही तेच. जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये ३७ हा गोल आकडा दिला, त्याचं रूपांतर झालं आणि दशांशामुळे उगीचच काटेकोर वाटायला लागला. फोनवर नर्सला आकडा सांगताना कुठे मोजला तेही सांगा. आपण काखेत मोजतो, तो कमी भरतो. (तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ आला तर लगेच डॉक्टरांना फोन, पण तुमची लेक त्यातून सुटली.) आणि हॉस्पिटलच्या कागदावर ३८.६ दिसलं तर दचकू नका. अनेक हॉस्पिटलं आत सेल्सिअसच वापरतात, तो साधा १०१.५ आहे.

अमेरिकेत अजून फॅरनहाइटच का, हेही विचारलंत. फॅरनहाइट हे डॅन्झिगमध्ये (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) जन्मलेले गृहस्थ. त्यांनी १७२४ मध्ये बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य धरलं. सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये पाण्यावरून माप केलं, पण त्यांचं मूळ माप उलटं होतं: उकळतं पाणी शून्य, गोठतं शंभर. ते नंतर फिरवलं गेलं. अमेरिकेने १९७५ मध्ये मेट्रिकचा (म्हणजे मीटर, किलो, सेल्सिअस या मापांचा) कायदा केला खरा, पण ऐच्छिक ठेवला. त्यासाठीचं मंडळही १९८२ मध्ये गुंडाळलं. माझं मत विचाराल तर हवेसाठी फॅरनहाइट तितकं वाईट नाही, शून्य ते शंभरात इथलं जवळपास सगळं वर्ष बसतं. ओव्हनसाठी मात्र त्याच्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही. तिसरं माप केल्विन, ते फक्त बल्ब घेताना भेटेल. २७०० म्हणजे पिवळसर उजेड, ५००० म्हणजे पांढरा. हवेशी त्याचा संबंध नाही.

फोन, ओव्हन, थर्मोस्टॅट बहुतेक सेल्सिअसवर करता येतात. करू नका. शेजारीण, शाळा, बातम्या, नर्स सगळे फॅरनहाइटच बोलतात. फ्रिज ४० किंवा खाली, फ्रीझर शून्याला, गरम पाण्याची टाकी १२० वर, कारण त्याहून गरम पाणी लहान मुलांना पटकन भाजतं. चिकन आतून १६५ झालं की शिजलं. गाडीच्या काचेचं धुवायचं पाणी उणे २० लिहिलेलं घ्या. उन्हाळी पाणी काचेवरच गोठतं.

आणि तक्ता छापायचाच असेल तर तेवढा ओव्हनचा छापा, कारण आईच्या नानकटाईच्या कृतीत सेल्सिअस असणार आणि इथलं बटण २५-२५ ने सरकतं: ३२५ म्हणजे १६३, ३५० म्हणजे १७७, ३७५ म्हणजे १९१, ४०० म्हणजे २०४, ४२५ म्हणजे २१८. १८० लिहिलं असेल तर ३५० लावा आणि दोन मिनिटं जास्त ठेवा.