कोल्ह्यासाठी बंदूक कोणती, असं विचारलंस म्हणून

तू विचारलंस, "दादा, मी पण जतचाच. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सला मेंढ्यांच्या फार्मवर कामाला येतोय. रात्री कोल्हे कोकरं नेतात म्हणे, तर बंदूक कोणती घेऊ?" वाचल्यापासून दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणून सगळंच लिहितो.

व्हिसा, लायसन, बंदुकीची तिजोरी हे सरकारी वेबसाइटवर आहे, तिथंच वाच. सेमी-ऑटोमॅटिकचा, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या बंदुकीचा, विचार मात्र सोड. १९९६ साली टास्मानियात पोर्ट आर्थरला गोळ्या घालून हत्याकांड झालं, तेव्हापासून ती सहजी मिळत नाही आणि कोल्ह्याला लागतही नाही. गोठ्याजवळ, ५०-६० मीटरच्या आत .२२ रिमफायर, म्हणजे लहान गोळीची रायफल, पुरते. तिची गोळी दगडावरून उसळते आणि चुकली तर दीड किलोमीटरपर्यंतही जाते, म्हणून मागं मातीचा उंचवटा असल्याशिवाय घोडा दाबायचा नाही. उघड्या माळावर बोल्ट अॅक्शन (दर गोळीला हातानं खटका ओढायची) .२२३ रायफल चांगली. बारा बोअरची छऱ्याची बंदूक फक्त ३०-३५ मीटरपर्यंत.

माझं लायसन रखडलं ते नावापायी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव, पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात आबांचं नाव. फॉर्म तीनदा परत आला. खिडकीतला माणूस म्हणाला, "यातलं खरं नाव कोणतं?" आबांचं नाव काय खोटं होतं का? अजून आठवलं की अंग पेटतं. तुझे कागद निघायच्या आधी तिकडंच एकसारखे करून घे. माझा कोकरांचा पहिला हंगाम काठी आणि बॅटरीवर गेला.

आणि मेलेलं प्रत्येक कोकरू कोल्ह्याच्या नावावर टाकू नको. थंडी, उपास, आईनं न घेणं, अवघड वेत, यानंच जास्त मरतात. कातडं सोलून बघ. दाताच्या खुणेखाली रक्त साकळलं असेल तर जिवंत असताना धरलंय, नाहीतर मेल्यावर खाल्लंय. हे मला बंदूक घेतल्यावर दोन वर्षांनी कळलं.

आपल्याकडं माडग्याळी मेंढरांच्या वाड्याला वाघर, म्हणजे जाळी, लावायची, कुत्री सोडायची, आणि लांडगा आला तर आरडाओरडा. आबांनी जन्मात बंदूक धरली नाही. इथंही मरेमा जातीची कुत्री कळपात वाढवतात. व्हिक्टोरियात वॉर्नाम्बूलजवळच्या मिडल आयलंड बेटावर २००६ साली हीच कुत्री पेंग्विनांना कोल्ह्यांपासून राखायला आणली. मी आधी कुत्री घ्यायला पाहिजे होती. पण परक्या मुलखातला अंधार होता, हातात काहीतरी पाहिजे होतं, मी रायफल घेतली.

एकटेपणाचं विचारलंयस. काम भरपूर असतं, दिवस जातो.

आता जे सांगायचं ते. तिसऱ्या हंगामात एका रात्री कुंपणाजवळ बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले. मी रायफलीवरच्या दुर्बिणीतून डोळेच बघितले, अंग बघितलंच नाही. गोळी बरोबर लागली. जवळ गेलो तर शेजाऱ्याची तांबडी, केल्पी जातीची मेंढरं राखणारी कुत्री. ती माझ्या कोकरांजवळ येऊन बसायची, कधी कुणाला दात लावला नव्हता. शेजाऱ्याला त्याच रात्री उठवून सांगितलं. तो काही बोलला नाही, फावडं घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून खड्डा खणला.

आपल्या वाड्यावर कुत्रं मेलं की आई त्या दिवशी चूल पेटवत नसे. आबांना मी हे आजवर सांगितलेलं नाही. दर फोनला ते विचारतात, "कुत्री किती हायत?" मी सांगतो, दोन. ती खरंच आहेत, मरेमा, त्यानंतर आणली.

अंग पूर्ण दिसल्याशिवाय, चाल ओळखल्याशिवाय बोट घोड्यावर ठेवायचं नाही. लांबून कुत्र्याचे आणि कोल्ह्याचे डोळे सारखेच पेटतात. थर्मल दुर्बीण, म्हणजे अंगाच्या उष्णतेवर अंधारात दाखवणारी, परवडत असेल तर रायफलीआधी ती घे. आलास की मला फोन कर. पहिले चार दिवस बंदूक घरीच ठेवू आणि रात्री नुसते माळावर हिंडू, कुणाचे डोळे कसे दिसतात ते बघायला.