कृषी सल्ला : बांधावरचं आस्कंद, पाला की मूळ?

प्रश्न (सांगोला तालुका) : बांधावर आणि पडीक रानात आस्कंद माजलंय. वडिलांच्या गुडघेदुखीवर पाल्याचा रस द्यावा का? आणि हेच पीक दोन एकरांत केलं तर परवडेल का?

उत्तर : रस देऊ नका. आस्कंद म्हणजेच अश्वगंधा, आणि तिचं पोटात घ्यायचं औषध म्हणजे मूळ. चरकसंहितेत ती बल्य आणि बृंहणीय, म्हणजे ताकद देणाऱ्या आणि अंग भरून आणणाऱ्या, अशा दोन्ही गणांत आहे. वातविकार, अशक्तपणा, झोप न लागणं यांवर मुळाचं चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधातून देण्याची परंपरा आहे. क्षीरपाक करायचा तर एक भाग चूर्ण, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी घ्यायचं आणि सगळं पाणी आटून दूध तेवढं उरेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. पाला मात्र बाहेरून लावायचा. गरम करून सुजेवर बांधतात. औषधांत पानं वापरू नयेत, असं आयुष मंत्रालयानंही २०२१ साली उत्पादकांना बजावलं आहे.

वडिलांना साखरेची, थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल, तर वैद्यांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चूर्णही नको. गरोदर बाईला तर नकोच.

आता पिकाचं. बांधावरच्या रानटी झाडाचं मूळ चिवट, दोरीदार निघतं. त्याला बाजार नाही. बी लागवडीच्या वाणाचं घ्या, ‘पोषिता’ किंवा ‘जवाहर असगंध-२०’. ज्वारीचं काळं रान यात घालवू नका. हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन हवी, कारण आपल्याकडं भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला, आणि पाणी साचलं की कोवळी रोपं कुजतात. ऑगस्टअखेर एकरी ४-५ किलो बी बारीक वाळूत मिसळून फेका. बी खोल गाडू नका, उगवायचं नाही.

पाच-सहा महिन्यांनी खालची पानं वाळून फळं लाल झाली की झाड मुळासकट खणा. मुळं धुऊन ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करून वाळवा. तुकडा वाकवून बघा : कट्कन मोडला आणि आतून पिठासारखा पांढरा निघाला, तर माल चांगला. नुसता लवला तर अजून वाळायचाय, दोऱ्या सुटल्या तर भाव पडणार.

एकरी सुकं मूळ साधारण दीड-दोन क्विंटल धरा, जास्त नाही. मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशात नीमचला. पेरण्याआधी तिथला दर विचारा, भाडं वजा करा, मग दोन एकर की दहा गुंठे ते ठरवा. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी दहा गुंठेच. आणि ‘बी आमचं, माल आम्हीच उचलू’ म्हणणारा दारात आला, तर प्रत कोण ठरवणार आणि त्या प्रतीला किलोमागं किती देणार, हे करारात लिहून घेतल्याशिवाय बियाण्याचे पैसे देऊ नका.