सुरुवात युरिक्लियापासून करा

ग्रीक पुराणकथांतल्या दुय्यम स्त्रिया अभ्यासायच्या आहेत ना, मग वंशावळी पाठ करत बसू नका. डोकं भणभणतं आणि हाती काही लागत नाही. एकच बाई घ्या, तिचा प्रसंग नीट वाचा.

माझं ऐकाल तर होमर या ग्रीक कवीच्या ‘ओडिसी’ महाकाव्यातली दासी युरिक्लिया. काव्याचा नायक ओडिसियस, त्याच्या बापाने, लेअर्टीसने, तिला तरुणपणी 20 बैलांच्या मोलाने विकत घेतलेलं. ओडिसियसला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं. 19व्या सर्गात भिकाऱ्याच्या वेशातल्या पाहुण्याचे पाय धुताना तिच्या हाताला रानडुकराच्या सुळ्याचा जुना व्रण लागतो आणि हा ओडिसियसच, हे ती ओळखते. पाय हातातून सुटतो, काशाचं भांडं खणकन कलंडतं, पाणी सांडतं. आणि तो? तिचा गळा धरतो, तोंड उघडलंस तर तुलाही सोडणार नाही म्हणून दटावतो. हे दोनदा वाचाच.

मग 22वा सर्ग. हीच युरिक्लिया 50 दासींपैकी 12 जणी बेइमान निघाल्या असं सांगते आणि ओडिसियसचा मुलगा टेलेमेकस त्यांना फासावर लटकवतो. होमर तिथे त्यांची नावंही देत नाही. मला हा प्रसंग अजूनही सहन होत नाही.

पुढे ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस, त्याची पहिली बायको इनोनी घ्या. तिला मात्र होमरमध्ये शोधू नका, ती नंतरच्या कवींकडे भेटते.