वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या पियानोची ओळख आणि पारख

प्रश्न : आमच्या गिरगावातील घरात आजोबांच्या काळापासून एक उभा पियानो आहे. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज कुटुंबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी तो घेतला, असे वडील सांगत. दर्शनी फळीवर मुंबईतील एका जुन्या वाद्यविक्रेत्याचे नाव आहे, आत लोखंडी चौकटीवर पाच आकडी क्रमांक आहे आणि झाकणाच्या आतल्या बाजूस पदकांची चित्रे असून त्यांतील सर्वांत अलीकडचे वर्ष १८८५ आहे. पट्ट्या ८५ आहेत. इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यामुळे पियानो ठेवावा की विकावा, हे लवकर ठरवायचे आहे. एक व्यापारी पॉलिश करून तो ‘अँटिक’ म्हणून विकून देण्यास तयार आहे. पियानो कोणाचा, किती जुना आणि किती मोलाचा, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : पॉलिश करण्याचा बेत आपण तूर्त थांबवावा, ही माझी पहिली विनंती आहे. लाकडावरची पुसट अक्षरे, पितळी मेणबत्तीदाण्या काढल्यावर राहिलेली भोके आणि झाकणाखालची पदके हाच या वाद्याचा जन्मदाखला असतो, आणि घासकामात तो कायमचा नाहीसा होतो.

दर्शनी फळीवरील नाव विक्रेत्याचे असल्यामुळे त्यावरून कारखाना कळत नाही. कारखान्याकडून आलेल्या वाद्यावर दुकानाने आपले नाव घालण्याची रीत तेव्हा सर्रास होती. निर्मात्याचे नाव लोखंडी चौकटीत ओतलेले किंवा पाठीमागच्या स्वरफलकावर, म्हणजे नाद मोठा करणाऱ्या लाकडी फळीवर, छापलेले असू शकते. पट्ट्यांखालची समोरची फळी बहुधा एका स्प्रिंगच्या खिटीवर बसवलेली असते. ती काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. डाव्या टोकाची पहिली पट्टी जाणकाराकडून उचलून घेतल्यास तिच्या कडेवर कारागिराची सही, तारीख किंवा दुसरा एखादा क्रमांक सापडू शकतो. मात्र पट्टीवरील क्रमांक आणि चौकटीवरील क्रमांक वेगळे असू शकतात, म्हणून दोन्ही टिपून ठेवावेत. निर्माता कळला, तर ‘पियर्स पियानो ॲटलस’सारख्या सूचीत अनुक्रमांकावरून निर्मितीचे वर्ष शोधता येते, निर्मात्याविना नुसता क्रमांक निरुपयोगी आहे.

पदकांवरील १८८५ या वर्षाचा अर्थ एवढाच, की पियानो त्यापूर्वीचा नाही. त्या वर्षी लंडनमध्ये शोधांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते आणि त्यात वाद्येही होती. आत कोठे ‘मेड इन जर्मनी’ असे शब्द आढळले, तर वाद्य बहुधा १८८७ नंतरचे मानावे, कारण परदेशी मालावर उगमदेश नोंदवण्याचा ब्रिटिश कायदा त्या वर्षीचा आहे. ८५ पट्ट्यांवरून फारसे ठरत नाही. ८८ पट्ट्या रूढ झाल्यावरही विसाव्या शतकात असे पियानो बनत होते.

आता मोलाविषयी. वय जास्त म्हणून किंमत जास्त, हा समज पियानोच्या बाबतीत फसवा आहे. तारांचा एकूण ताण टनांत मोजावा लागतो, आणि तारा ज्यांवर गुंडाळलेल्या असतात त्या पिना लाकडात घट्ट बसलेल्या नसतील, तर सुंदर कपाटापलीकडे हाती काही उरत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हे लाकूड फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते. दशकानुदशके असे झाले, की पिना सैल होतात, स्वरफलकाला चिरा पडतात, नमद्याच्या हातोड्यांना कसर लागते. म्हणून अनुभवी ट्यूनरला प्रथम पिना तपासायला सांगावे. हातोड्यांसमोर (वाजणाऱ्या नव्हे, तर यंत्रणेच्या) उभ्या बारीक तारांचा पिंजरा दिसला, तर जुन्या इंग्रजी पद्धतीची यंत्रणा समजावी. तिची दुरुस्ती किचकट असते आणि अनेक ट्यूनर ती टाळतात. खालच्या स्वरांच्या तारा इतरांवरून तिरप्या गेलेल्या असतील, तर ती मला अधिक आशादायक खूण वाटते. पहिल्याच भेटीत आजच्या प्रमाण सुरापर्यंत, म्हणजे ४४० हर्ट्‌झपर्यंत सूर चढवण्याचा हट्ट कोणी धरल्यास नकार द्यावा, कारण गंजलेल्या तारा तुटतात.

एक गोष्ट फार गंभीरपणे घ्यावी. पांढरी पट्टी दोन तुकड्यांची असेल, मध्ये केसासारखी सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक नैसर्गिक रेषा दिसत असतील, तर ते हस्तिदंत असण्याचा संभव मोठा आहे. गरम सुईची परीक्षा करू नये. हस्तिदंतावर डाग पडतो, आणि पट्टी सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या १९९१ मधील दुरुस्तीनंतर आयात केलेल्या आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावरही भारतात बंदी आहे. त्यामुळे व्यापाऱ्याशी बोलणी करण्यापूर्वी, असे वाद्य जवळ ठेवण्यास कोणती कागदपत्रे लागतात आणि ते हस्तांतरित करता येते का, हे वनविभागाकडे लेखी विचारावे. परदेशातील नातेवाइकाला पाठवण्याचा विचार असेल, तर शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर पुरावशेष कायद्याचे निर्बंधही आहेत.

पिना घट्ट आणि चौकट शाबूत निघाली, तर पियानो ठेवावा, असेच मी सांगेन. उभ्या पियानोचे वजन दोनशे किलोच्या वर सहज जाते, त्यामुळे चाळीच्या लाकडी जिन्यावरून तो उतरवण्याचे काम पियानो हलवण्याचा अनुभव असलेल्यांनाच द्यावे. तात्पुरत्या घरात तो बाहेरच्या भिंतीपासून, खिडकीपासून आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवावा, आणि तेथील हवेला लाकूड सरावेपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार आठवडे, सुरात लावण्याची घाई करू नये.