डीएसजीची सुपर्ब मॅन्युअल करता येते, पण नुसता गिअरबॉक्स विकत घेऊन नव्हे

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे : तुमच्याकडे २०१२ची स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआय आहे, तिला सात गतींचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे आणि तो आजही ठणठणीत आहे. तुम्ही देवगडला राहता, कोल्हापूरला जाण्यायेण्यासाठी वारंवार घाट चढता-उतरता, आणि ही गाडी क्लच दाबून, स्वतःच्या हाताने गिअर टाकत चालवावी अशी तुमची इच्छा आहे. जवळच्या एका गॅरेजवाल्याने ‘गिअरबॉक्स आणून द्या, चार दिवसांत बसवून देतो’ असे सांगितले आहे. त्यावर विश्वास ठेवावा का, असे तुम्ही विचारले आहे.

मी रत्नागिरीला राहतो आणि नेमके हेच काम मी माझ्या सुपर्बवर करून घेतले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. काम होते, आणि नीट झाले तर गाडी कारखान्यातून तशीच आल्यासारखी चालते. मात्र ते चार दिवसांत होत नाही. ज्या माणसाने तुमच्याकडे फक्त गिअरबॉक्स मागितला, त्याने हे काम पूर्वी केलेले नसावे असे मला वाटते, कारण या साऱ्या उद्योगात गिअरबॉक्स हा सर्वांत सोपा भाग आहे.

प्रथम हे काम मुळात शक्य का आहे ते पाहू. तुमच्या गाडीचे १६० अश्वशक्तीचे आणि २५० न्यूटन मीटर टॉर्कचे इंजिन सुपर्बमध्येच, भारतातच, सहा गतींच्या मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबरही विकले जात होते. म्हणजे तुमच्या गाडीची दुसरी, मॅन्युअल आवृत्ती कंपनीने स्वतः तयार केलेली आहे. तिचे माउंटिंग, तिची पेडले, तिच्या वायरी, तिचे सॉफ्टवेअर सारे अस्तित्वात आहे, आणि तुम्हाला काहीही नव्याने शोधून काढायचे नाही. याउलट २०१७मध्ये भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसचे उदाहरण घ्या. ती गाडी इथे केवळ डीएसजीमध्येच मिळाली, मॅन्युअल आवृत्ती परदेशात राहिली. युरोपातून सुटे भाग मागवावेत तर तिथल्या बहुतेक देशांत स्टिअरिंग डावीकडे असते, त्यामुळे पेडलांचा संच आपल्या उपयोगाचा नाही. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी ब्रिटनकडे पाहावे लागते. अशी गाडी कोणी मॅन्युअल करण्याविषयी विचारले असते तर मी स्पष्ट नको म्हटले असते.

आता माझा मुख्य सल्ला. गिअरबॉक्स विकत घेऊ नका, संपूर्ण दाता गाडी विकत घ्या. म्हणजे त्याच इंजिनाची, शक्यतो त्याच वर्षाच्या आसपासची, मॅन्युअल सुपर्ब, जी मागून किंवा बाजूने ठोकली गेल्यामुळे निकालात निघाली आहे पण जिचे पुढचे अंग शाबूत आहे. मी आधी कुर्ल्याच्या बाजारातून एक-एक भाग जमवायला सुरुवात केली होती. गिअरबॉक्स मिळाला, पण त्याच्यासोबत गिअरच्या दोन केबली मिळाल्या नाहीत. केबली मिळाल्या तेव्हा त्यांना बसणारा गिअर लिव्हरचा खालचा डबा दुसऱ्या गाडीचा निघाला. आणि प्रत्येक वेळी ‘हेच बसते साहेब’ असे ठामपणे सांगितले गेले. दोन महिने असे वाया गेल्यावर मी पुण्याजवळून एक अपघाती गाडी घेतली, आणि त्यानंतर एकाही स्क्रूसाठी कोणाच्या दारात जावे लागले नाही. उरलेले दरवाजे, काचा, दिवे, सीट विकून तिच्या किमतीचा मोठा हिस्सा परत मिळाला, त्यामुळे हा मार्ग वाटतो तितका महागही नाही.

दाता गाडी घाटावरचीच घ्या. आपल्या किनाऱ्यावर दहा पावसाळे काढलेल्या गाडीच्या तळाचे बोल्ट खाऱ्या हवेने असे धरलेले असतात की सबफ्रेम, म्हणजे इंजिनाखालची चौकट, सोडवताना निम्मे तुटतात, आणि चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या खाचा गंजून चाकाच्या हबमध्येच बसून राहतात. गाडी खरेदी करताना विक्रेत्याकडून रीतसर पावती, चासी क्रमांकाची नोंद आणि नोंदणीची कागदपत्रे घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून तिची नोंदणी रद्द करावी लागते. ती झाली आहे याचा पुरावा हातात असल्याशिवाय तिचा एकही भाग आपल्या गाडीत बसवू नये.

दात्या गाडीतून काय काय काढायचे, तर गिअरबॉक्स, त्याचे माउंटिंग, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांमधले जड चाक), संपूर्ण पेडल संच, क्लचचा मास्टर सिलिंडर आणि त्याची नळी, ब्रेक ऑइलची टाकी, गिअर लिव्हर, केबली आणि या सर्वांना जोडणाऱ्या वायरींचे तुकडे प्लगसकट. ड्राइव्ह शाफ्ट आणि स्टार्टर ‘तेच चालतील’ असे कोणी म्हटले तरी दात्याचेच ठेवा. लांबीतला थोडासा फरकही पुढे त्रास देतो. ब्रेक ऑइलच्या टाकीचे कारण असे की क्लचचे तेल तिच्यातूनच येते आणि मॅन्युअल गाडीच्या टाकीला त्यासाठी बाजूला एक तोंड असते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि तेलाची सील मात्र नवीनच घ्या, कारण त्यातले काही पुढे खराब झाले तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

फ्लायव्हीलविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. डीएसजीच्या फ्लायव्हीलला मधोमध खाचा असतात आणि त्यांतून ताकद दुहेरी क्लचकडे जाते. त्याला क्लच प्लेट घासेल असा सपाट पृष्ठभागच नसतो, म्हणून ते मॅन्युअलला चालत नाही. मॅन्युअलचे फ्लायव्हील हेदेखील साधे ओतीव चाक नसून दोन भागांचे असते आणि त्या दोन भागांमध्ये इंजिनाचे हादरे गिळणाऱ्या स्प्रिंगा असतात. दात्या गाडीच्या फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग होते, म्हणून जुन्या सवयीने मी ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर साफ करून घ्यायला घेऊन गेलो. तिथल्या वयस्कर टर्नरने ते हातात घेऊन दोन्ही भाग एकमेकांवर फिरवून पाहिले, किती ढिलाई आहे ते मला दाखवले, आणि हे यंत्रावर चढवणार नाही, नवीन घ्या, असे सांगून पैसे न घेता परत दिले. त्या माणसाने माझा गिअरबॉक्स वाचवला असे मी मानतो. ढिले झालेले असे फ्लायव्हील इंजिन बंद-चालू होताना खडखडते आणि ती थरथर पुढे गिअरबॉक्सच्या शाफ्टपर्यंत पोहोचते.

पेडलांचे काम चिकाटीचे आहे. ऑटोमॅटिकचे रुंद ब्रेक पेडल काढून त्या जागी ब्रेक आणि क्लच असा पूर्ण संच बसवताना स्टिअरिंगच्या खाली उताणे पडून अंधारात हात घालावे लागतात. त्याआधी बॅटरी सोडवून ठेवणे एअरबॅगसाठी अत्यावश्यक आहे. ब्रेक बूस्टरचा दांडा नव्या पेडलाच्या खोबणीत पक्का अडकला आहे हे तुम्ही स्वतः पाहून घ्या, आणि गाडी प्रथम चालू कराल तेव्हा क्लच तपासण्याआधी ब्रेक तपासा.

खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. तुमच्या गाडीतले संगणक आपल्याला डीएसजी जोडलेला आहे असे धरून चालतात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गिअरबॉक्सच्या संगणकाशी अखंड बोलत असतो, लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे असा निरोप मिळाल्याशिवाय स्टार्टर फिरू देत नाही, आणि रिव्हर्सचा दिवाही त्या संगणकाच्या निरोपावरच लागतो. गिअरबॉक्स काढला की हे सारे निरोप एकदम थांबतात. मग डॅशबोर्डवर चुकांचे दिवे लागतात, इंजिन स्वतःची ताकद आखडून घेते, किंवा गाडी सुरूच होत नाही. यावर अनेक गॅरेजवाले न्यूट्रलची वायर कायमची जोडून टाकतात. तसे केले की गाडी सुरू होते हे खरे, पण ती गिअरमध्ये असतानाही किल्ली फिरवताच पुढे उडी घेते. हा उपाय कोणालाही करू देऊ नका.

योग्य पद्धत अशी आहे की तुमच्याच गाडीच्या ईसीयूमध्ये त्याच इंजिनाच्या मॅन्युअल आवृत्तीचे सॉफ्टवेअर लिहून घ्यायचे, क्लच पेडलच्या सेन्सरची वायर ईसीयूपर्यंत न्यायची, रिव्हर्सच्या स्विचची वायर जोडायची, आणि मग गेटवे नावाच्या मध्यवर्ती संगणकाच्या यादीतून स्वयंचलित गिअरबॉक्सचे नाव वगळून डॅशबोर्ड व एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचे कोडिंग, म्हणजे गाडीला काय काय जोडले आहे याच्या त्यांतल्या नोंदी, बदलायचे. दात्या गाडीचा ईसीयू उचलून लावण्याचा मोह टाळा. तो त्या गाडीच्या किल्लीशी आणि इमोबिलायझरशी, म्हणजे परक्या किल्लीने गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेशी, बांधलेला असतो. माझ्याकडे लोखंडाचे काम आठ दिवसांत संपले आणि गाडी पुढचे तीन आठवडे या कोडिंगसाठी झाकून उभी होती, कारण रत्नागिरीत ते करणारा मला कोणी सापडला नाही आणि शेवटी पुण्याहून जाणकार बोलवावा लागला. म्हणून माणूस आधी ठरवा, त्याच्याकडून तुमच्या ईसीयूचा क्रमांक तपासून होकार घ्या, आणि नंतरच गाडी खोला.

वायरींचे जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले नसावेत, डाख देऊन वर आवरणाची नळी आवळलेली असावी. आपल्याकडच्या हवेत उघडे तांबे हिरवे पडायला वेळ लागत नाही, आणि देवगडला तर समुद्र गावाला लागूनच आहे. याच कारणासाठी हे काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याआधी संपवा.

कायद्याची बाजू तुम्ही विचारलेली नाही, तरी ती टाळून हे उत्तर पुरे होणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मूळ बनावटीपासून फारकत घेणारे बदल करण्यास मनाई करते, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. कलम १८२ए खाली अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी प्रमाणपत्रात गिअरबॉक्सचा वेगळा रकाना नसतो, परंतु मॉडेलच्या नावात ‘एटी’ (ऑटोमॅटिक) ही अक्षरे अनेकदा असतात, आणि तशी ती तुमच्या प्रमाणपत्रावर असतील तर फरक कागदावरच दिसतो. मी इंजिन तेच राहणार आहे, कंपनीच्याच मॅन्युअल आवृत्तीचे भाग बसणार आहेत, असे नमूद करून परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारले, आणि दोन्ही उत्तरे हाती येईपर्यंत पान्याला हात लावला नाही. तुम्हीही सिंधुदुर्गच्या कार्यालयात असेच विचारा. नकार आला तर तिथेच थांबा आणि मूळची मॅन्युअल सुपर्ब शोधा.

खरे तर परवानगी मिळाली तरी मूळची मॅन्युअल गाडीच आधी शोधावी असेच मी म्हणेन. मी स्वतः पाच मॅन्युअल गाड्या पाहिल्या होत्या. त्यांतील तीन किनारपट्टीवरच्या होत्या आणि त्यांचा तळाचा पत्रा बोटाने खरवडला तरी सुटत होता, तर माझ्या गाडीचा तळ दरवर्षी पावसाआधी धुऊन लेप दिलेला असल्यामुळे कोरा होता. केवळ त्या पत्र्यासाठी मी ही खटपट केली. तुमच्या गाडीचा तळ आधी लिफ्टवर चढवून पाहा; तो गंजलेला असेल तर तिच्यात नवा गिअरबॉक्स घालण्यात अर्थ नाही.

चालवण्याविषयी सांगायचे तर आंबा घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज पायाच्या अंगठ्याने कमीजास्त करता येतो, वळणाच्या आत शिरण्याआधी आपणच ठरवलेला गिअर आपण ठरवेपर्यंत टिकतो, आणि मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देणारे हे इंजिन तिसऱ्यावर साखरप्याची चढण अशी ओढते की ते डीएसजीच्या घाईत मला कधी कळलेच नव्हते. हायवेला मात्र सातवा गिअर गेल्याची जाणीव होते, फेरे थोडे जास्त राहतात. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी माणगाव-इंदापूरच्या रांगेत तीन तास क्लच दाबत सरकताना डावा गुडघा अक्षरशः भरून आला. तुमचे मुंबईला जाणे-येणे जास्त असेल तर हा विचार आधी करा.

काम झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर सपाटीवरच चालवा, चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका, आणि त्यानंतर एकदा गाडी वर उचलून माउंटिंगचे बोल्ट, शाफ्टच्या सील आणि ब्रेक ऑइलची पातळी बघून घ्या. माझ्या गाडीत त्या वेळी पातळी बोटभर खाली गेली होती. क्लचच्या नळीचा एक जोड पाझरत होता, आणि तो हातासरशी बदलता आला.